मांडवगडे काकांची जॉइंट नोट

लताकाकूंनी गच्चीवरचा कारल्याचा वेल मुळासकट उपटला, तेव्हा त्याला सोळा कारली लागलेली होती. मला नक्की माहीत आहे, कारण त्यातली चार मला मिळणार होती.

मी चौबे कॉलोनीत त्यांच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहते. मूळची गोंदियाची, नोकरी तेलीबांध्याच्या एका लॅबमध्ये. गच्ची आमची सामाईक. त्या रविवारी कपडे वाळत घालायला गेले, तर काकू मांडवाच्या सुतळ्या विळ्यानं कापत होत्या. कुंड्यांतली माती त्यांनी आधीच एका कोपऱ्यात ओतली होती.

"काकू, हे काय करून राहिल्या?"

"तुह्या काकाले विचार," त्या न थांबता म्हणाल्या. "सही पाहिजे म्हणे माही."

मी खाली गेले. प्रल्हादकाका पोर्चमध्ये खुर्ची टाकून बसले होते. एवढ्यात काकू माझ्यामागून आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "आपका नाश्ता टेबल पर रखा है."

या घरात मराठी चालते. भाजीवालीशी छत्तीसगढी, बँकेत हिंदी. काकू काकांशी हिंदीत बोलायला लागल्या की समजायचं, मामला गंभीर आहे. आणि "आप" म्हणाल्या की फारच गंभीर.

"किती दिवस झाले?" मी हळूच विचारलं.

"चार," काका म्हणाले. "काल मले 'भाईसाहब' म्हणता म्हणता राहिली."

प्रल्हादराव मांडवगडे २०१८ साली रेल्वेतून निवृत्त झाले. चौतीस वर्षं ते टीएक्सआर होते, म्हणजे गाडी तपासणारे. मालगाडी यार्डात लागली की लांब दांड्याची हातोडी घेऊन एकेका डब्याजवळून चालत जायचं, चाकावर ठोका द्यायचा आणि ऐकायचं. चांगलं चाक घंटेसारखं वाजतं, तडा गेलेलं बद्द वाजतं. बिघडलेल्या डब्यावर खडूनं खूण करायची आणि तो सिक लाइनवर काढायचा. रेल्वेत डबेही आजारी पडतात. निवृत्तीनंतर काकांनी तशीच एक आखूड हातोडी लोहाराकडून करून घेतली. टरबूज, माठ, गॅसचं सिलिंडर, मी नवीन आणलेलं टेबल, सगळं त्यांनी ठोकून पाहिलेलं आहे. माझ्या टेबलाला त्यांनी "फिट" असा शेरा दिला आणि खालच्या बाजूला खडूनं तारीख लिहिली. ती अजून आहे.

गेल्या दिवाळीच्या सुमाराला दाढी करताना त्यांना जबड्याखाली गाठ लागली. दुखत नव्हती.

"ठोकून पाह्यली," ते मला नंतर म्हणाले. "काहीच वाजत नाई. मंग बसलो गप्प."

काकूंनी मात्र आठ दिवसांच्या आत त्यांना दवाखान्यात नेलं. गाठीचा तुकडा तपासला गेला. फॉलिक्युलर लिम्फोमा. रक्तातल्या बी-पेशींचा, सावकाश चालणारा कर्करोग. डॉक्टर म्हणाले, आत्ता औषध सुरू करायची गरज नाही, दर तीन महिन्यांनी दाखवा, वाढला तर बघू. असं ऐकून माणसं घाबरतात, की रोग आहे आणि औषध नाही म्हणजे काय! काकांना ते एका क्षणात पटलं.

"कॉशन ऑर्डर," ते म्हणाले. "गाडी उभी नाई करायची. तीसच्या स्पीडनं न्यायची, पुढं पाहत."

त्या दिवसापासून त्यांना झोप नीट लागत होती. त्यांना टोचलं ते दुसरंच. त्यांनी डॉक्टरांना कारण विचारलं होतं. बाहेर रांग होती. डॉक्टर म्हणाले, "जेनेटिक म्युटेशन है दादाजी, किसी एक को दोष नहीं दे सकते."

"दोष देता येत नाई म्हणजे?" काका घरी येऊन म्हणाले. "चौतीस वर्षांत मी एक रकाना कोरा नाई सोडला!"

रकाना म्हणजे जॉइंट नोटचा. गाडीचा डबा रुळावरून घसरला की रेल्वेत प्रत्येक खात्याचा सुपरवायझर जागेवर धावतो. रूळवाला, इंजिनवाला, वाहतूकवाला, डबेवाला. सगळे मिळून मोजमाप घेतात आणि तिथेच एका कागदावर सह्या करतात: काय झालं, केव्हा झालं, जबाबदार कोण. प्रत्येक जण शेजाऱ्याच्या खात्याकडे बोट दाखवतो. ज्याला पटत नाही तो खाली आपली असहमती लिहितो, तिला डिसेंट म्हणतात. पण सही सगळ्यांची लागते, आणि जबाबदार कोण हा रकाना भरावा लागतो. काकांच्या हाताखाली तो नेहमी भरला गेला.

तर काकांनी आपल्या आजाराची जॉइंट नोट तयार केली. फुलस्केप कागद, कार्बन लावून तीन प्रती. घटनास्थळ: मान, डावी बाजू. प्राथमिक तपासणीत चार खाती जबाबदार धरली होती. एक, स्वतः: वर्कशॉपमधला रंग, रॉकेल, वेल्डिंगचा धूर. दोन, दिवंगत वडील: आनुवंशिकता. तीन, पाणी. आणि चार: "सौ. लता प्र. मांडवगडे, सहायक जबाबदार. सन २०१३ ते २०१७ गच्चीवरील भाज्यांवर कीटकनाशक फवारणी."

आणि हा कागद त्यांनी बुधवारी दुपारी, जेवण झाल्यावर, पेन उघडून बायकोसमोर ठेवला. "इथी सही कर."

एकोणचाळीस वर्षांच्या संसारात ते बायकोला कधी लागेल असं बोलले नव्हते, आणि आत्ताही आपण तसं बोललो आहोत हे त्यांच्या गावीही नव्हतं. नोटमध्ये नाव येणं म्हणजे त्यांच्या लेखी कामाचा भाग. घसरलेल्या डब्याजवळ एकमेकांची नावं लिहून लोक संध्याकाळी एकत्र चहा पीत असत.

"सहायकच लिहिलं ना," ते मला समजावत होते. "मुख्य नाई लिहिलं."

"काका, तुम्ही त्यांना सांगितलं की तुमच्या कॅन्सरला त्या जबाबदार आहेत."

"थोड्याशा."

काका खुर्चीत जरा सरकले.

"निरंजनचा फोन आला काल," ते म्हणाले. निरंजन त्यांचा मुलगा, बेंगळुरूला असतो. "आई रोती होगी, पापा, म्हणे. मले माहीत नाई. माह्या समोर तं नाई रडली. पण आता बाजारातून भाजी आणते. दहा वर्षांत या घरात बाजारचा दोडका नाई आला. काल आला." मग एकदम म्हणाले, "तू म्युटेशनचंच काम करते ना? मंग टेक्निकल मेंबर म्हणून बस. खरं काय ते काढ. तिचं नाव निघत असंन तं मी आपल्या हातानं काढतो."

"आणि नाही निघालं तर?"

"तं सही करा लागंन तिले."

हे बोलताना त्यांचा चेहरा पडलेला होता. ते बायकोविरुद्ध नव्हते. त्यांना फक्त कोरा रकाना सोडता येत नव्हता.

आम्ही गच्चीवर गेलो. काकू आमच्याआधीच वर येऊन दोरीपाशी माझे कपडे वाळत घालत होत्या, जे मी तसेच टाकून खाली पळाले होते. त्यांनी आमच्याकडे पाठ केली. काकांनी खिशातून खडू काढला. निवृत्त झाले तरी खिशात खडू असतोच.

"घे. पहिलेपासून."

मी जमिनीवर दोन लांब रेषा ओढल्या. "काका, प्रत्येक पेशीत गुणसूत्रं असतात. समजा, यार्डात उभ्या असलेल्या मालगाड्या, आणि त्यांचे डबे म्हणजे जनुकं. ही चौदा नंबरची गाडी. ही अठरा नंबरची."

"रेक म्हण. गाडी चालू असते, उभा असतो तो रेक."

"बरं, रेक. बी-पेशींचं काम म्हणजे अँटीबॉडी बनवणं. जंतू हजार तऱ्हेचे, तर अँटीबॉडीही हजार तऱ्हेच्या लागतात. म्हणून हाडाच्या मगजात बी-पेशी तयार होत असताना ती चौदा नंबरचा रेक मुद्दाम तोडते, मधले काही डबे काढते आणि उरलेले जोडते. प्रत्येक पेशीची जोडणी वेगळी."

"मुद्दाम तोडते?" काका खाली उकिडवे बसले. "शंटिंग करते म्हण ना!"

"हव. शंटिंग. आता चौदा नंबर तुटलेला आहे, आणि नेमका त्याच वेळी शेजारचा अठरा नंबरही तुटला. जोडताना अठराचं शेपूट चौदाला लागलं."

काकांनी माझ्या हातून खडू घेतला, रेषा पुसल्या आणि डबे, बफर, कपलिंग असं सगळं नीट काढलं. माझ्या रेषा त्यांना बघवत नव्हत्या. "आता सांग. त्या शेपटात काय माल होता?"

"एक डबा असा होता जो पेशीला सांगतो, मरू नकोस. हा सगळ्याच पेशींत असतो, पण हळू आवाजात बोलतो. चौदा नंबरला मात्र असं इंजिन आहे जे बी-पेशीत कधी बंद होत नाही, कारण अँटीबॉडीचं काम सतत चालू ठेवायचं असतं. तो डबा आता त्या इंजिनाच्या मागे लागला. म्हणजे दिवसभर ओरडतो, मरू नकोस, मरू नकोस."

"म्हणजे कंडेम होणारा डबा कंडेमच होत नाई." काकांचे डोळे चमकले. "भंगारात जायची तारीख झाली, तरी लाइनवर! अवं लता, ऐकलं का?"

काकूंनी ऐकलं नसल्यासारखं चिमटा लावला.

"पण एवढ्यानं गाडी पडते का?" काका आता पूर्ण ड्युटीवर होते. "आमच्याकडं एका चुकीनं डबा घसरत नाई. चाक झिजलं आणि रूळ दबला आणि स्पीड जास्त, तेव्हा घसरतो."

ही गोष्ट मला कॉलेजात शिकायला एक अख्खं सत्र लागलं होतं. "बरोबर, काका. निरोगी माणसांचं रक्त बारकाईनं तपासलं तर त्यांच्यातल्या कितीतरी जणांत अशा चुकीच्या जोडणीच्या दोन-चार पेशी सापडतात. ते आयुष्यभर ठणठणीत राहतात. पुढची चूक गाठींमध्ये होते. जंतू आला की बी-पेशी गाठीत जाते. तिथे वर्कशॉप आहे. अँटीबॉडीचं जनुक तिथे घासून घासून बदलतात, म्हणजे ती जंतूला अजून घट्ट बसावी."

"फिटर बुश घासतो तसं."

"तसंच. जी नीट बसत नाही ती पेशी मरते. पण ही मरत नाही. पुन्हा पुन्हा वर्कशॉपमध्ये जाते, आणि कानस घसरून कधी दुसऱ्याच डब्याला लागते. कोणत्या जनुकानं कधी उघडायचं, कधी बंद व्हायचं, याची नोंद ठेवणारे डबे असतात, तेच बिघडतात. अशा तीन-चार चुका जमल्या की ती पेशी स्वतःसारख्या पेशी वाढवत सुटते. तीच तुमची गाठ."

काका खडूच्या डब्यांकडे पाहत राहिले. मग त्यांनी पहिला खरा प्रश्न विचारला. "केव्हा झालं?"

"पहिली जोडणी? नक्की सांगता येत नाही. बहुतेक फार जुनी. कदाचित तुम्ही तरुण असताना."

"माहा बाप?"

"वडिलांचं नाव नोटमधून काढा. तुमच्या एका पेशीत तुमच्या हयातीत झालेली ही चूक. वडिलांकडून आलेली नाही आणि निरंजनदादाकडे गेलेली नाही."

त्यांनी मान हलवली, दोनदा. मुलाचं नाव निघालं तसा त्यांनी श्वास सोडला. हा विचारही ते आतल्या आत बाळगून होते, हे मला तेव्हा कळलं.

"आणि फवारणी?"

काकूंचा हात दोरीवर थांबला.

नाही म्हणून टाकावं, असं मला फार वाटलं. एक शब्द, आणि उद्या सकाळी या घरात मराठी सुरू झाली असती. पण खालच्या खुर्चीत बसून त्यांनी मला खरं काय ते काढायला सांगितलं होतं, आणि काकूंनाही खोटा दिलासा ओळखू येतो.

"शेतात वर्षानुवर्षं फवारणी करणाऱ्या लोकांमध्ये हा आजार थोडा जास्त दिसतो, असं काही अभ्यास सांगतात," मी म्हणाले. "पण एका माणसाच्या बाबतीत, ही चूक त्यामुळेच झाली किंवा झाली नाही, हे मी काय, कोणीच सांगू शकत नाही. बहुतेक चुका तर कशामुळेच होत नाहीत, काका. रोज कोट्यवधी पेशी शंटिंग करतात. एखादी चुकते. ज्या कामानं तुम्हाला लहानपणापासून प्रत्येक तापातून वाचवलं, त्याच कामात ती चूक झाली."

शेजारच्या गच्चीवर कुणीतरी बडियां, म्हणजे सांडगे, वाळत घालत होतं, त्या ताटांचा आवाज येत होता.

"बुधारू," काका एकदम म्हणाले.

"कोण?"

"कीमॅन होता एक. रोज सकाळी रूळ पाहत पायी चालायचा, सहा किलोमीटर. थंडीत रूळ फाटला, आमचे दोन डबे उतरले. बुधारू सकाळीच तिथून गेला होता. तेव्हा तडा नव्हता म्हणे. असंन नसंन. पण रकाना कोरा होता. रूळवाला पीडब्ल्यूआय म्हणे बुधारू, इंजिनवाला म्हणे बुधारू, मीही लिहिलं. त्याची बदली झाली लांब." त्यांनी खडू दोन बोटांत फिरवला. "त्यानं मले एवढंच विचारलं, साहब, मोर बयान तो लेतेव. माहं बयान तरी घ्यायचं होतं."

दोरीकडून आवाज आला. "मंग माहं कुठी हाये?"

काका वळले. चार दिवसांनंतर काकू त्यांच्याशी बोललेली ती पहिली मराठी होती.

"काय?"

"माहं बयान." काकू चिमट्यांची टोपली कमरेवर घेऊन उभ्या होत्या. "बुधारूचं नाई घेतलं, माहंही नाई घेतलं. डायरेक्ट सही! विचारलं का कोणी, का लता तू काय फवारलं, कशावर फवारलं?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी आकाशाकडे पाहिलं.

"सांग," ते म्हणाले.

"लिहून घ्या. अशी नाई सांगत मी."

काका खाली जाऊन फुलस्केप, कार्बन आणि चष्मा घेऊन आले. उलट्या कुंडीवर बसले. काकू उभ्याच राहिल्या.

"पहिल्या वर्षी दुकानवाल्यानं पुडी दिली. एक डाव मारली, वासानं डोकं दुखलं, फेकून देल्ली. मंग कडुनिंबाचं पाणी. पाच वर्षं तेच. लिहिलं?"

"लिहून राहिलो."

"दुसरं. तेव्हा तुम्ही कुठी होते?"

काकांचं पेन थांबलं.

"डोंगरगडले होते तुम्ही. पोस्टिंगवर. रविवारी यायचे, सोमवारी पहाटे जायचे. डबा मी बांधून द्यायची. विसरले?"

"हव," काका पुटपुटले. "सतराच्या डिसेंबरात परत आलो."

"तिसरं. फवारा मी फक्त कारल्यावर मारायची. बाकीच्या भाज्यांले कीड नाई लागत माह्या." काकूंनी टोपली खाली ठेवली. "आता या मुलीसमोर सांगा. माह्या हातचं कारलं तुम्ही कधी खाल्लं?"

काका बराच वेळ आठवत होते. प्रामाणिक माणूस. चौतीस वर्षांच्या सवयीनं त्यांनी सगळी वर्षं मनातल्या मनात ठोकून पाहिली असणार.

"नाई," ते म्हणाले. "एक डावही नाई."

"एकोणचाळीस वर्षं मी करून राहिली, आणि यायनं ताटात तोंड वाकडं करून बाजूला सारलं. आणि जबाबदार कोण? लता!"

मी हसू दाबत होते, पण काकूंचे डोळे भरले होते, आणि काकांनी ते पाहिलं. ते कुंडीवरून उठले. काय करावं त्यांना समजेना, म्हणून त्यांनी चिमट्यांची टोपली उचलली आणि हातात धरून उभे राहिले.

"चुकलं माहं," ते म्हणाले. "बयान घ्याले पाहिजे होतं."

"सही नाई मागाले पाहिजे होती!"

"तेही."

मग ते पुन्हा बसले. नवीन कागद लावला. घटना, स्थळ, वेळ. वेळेपुढे "अज्ञात, बहुधा जुनी" असं लिहिलं. तांत्रिक सदस्य म्हणून माझं नाव घातलं: कु. रुचिता. शेवटच्या रकान्याशी आले आणि थांबले. पेन कागदाच्या वर तसंच धरलेलं. मला वाटलं आता ते रंग नि रॉकेल तरी लिहितील, स्वतःवर घेतील. काकूंनाही तसंच वाटलं असावं, कारण त्या जवळ येऊन खांद्यावरून वाचायला लागल्या.

काकांनी लिहिलं: "जबाबदारी निश्चित करता आली नाही." खाली सही केली. तारीख टाकली. आणि पेनाचं टोपण लावून म्हणाले, "झालं. काही आभाळ नाई पडलं."

मी सही केली. काकूंनी कागद हातात घेऊन वरपासून खालपर्यंत वाचला.

"डिसेंट लिहायची सोय असते ना?"

"असते," काका जरा दचकून म्हणाले.

काकूंनी उभ्या उभ्या, कठड्यावर कागद टेकवून लिहिलं. कार्बनची तिसरी प्रत माझ्याकडे आहे, त्यावर त्यांचं अक्षर थोडं पुसट उमटलं आहे: "बाकी सर्व मान्य. पण सोळा कारली वाया गेली, त्याची जबाबदारी निश्चित आहे: प्र. मांडवगडे."

काकांनी ती असहमती मान्य केली. त्याच दुपारी ते कोपऱ्यातली माती कुंड्यांत भरत होते, आणि काकू खुर्चीत बसून "अजून दाबा, कोरडी माती काहून भरून राहिले" असं ओरडत होत्या. मराठीत.

त्यानंतर दोनदा तीन महिन्यांची तपासणी झाली. गाठ आहे तेवढीच आहे, कॉशन ऑर्डर चालू आहे. संध्याकाळी दोघं तेलीबांध्याच्या तलावाभोवती एक फेरी मारतात, स्पीड तीसचाच. नव्या वेलाला मागच्या आठवड्यात पहिली कारली लागली. काकांनी हातोडीनं ती हलकेच ठोकली आणि "फिट" म्हणाले.

परवा काकूंनी मला जेवायला खाली बोलावलं. कारल्याची रसभाजी होती, गूळ-चिंच घातलेली. काकूंनी काकांच्या ताटातही एक चमचा वाढला. म्हणाल्या, "आता तं खाऊन पाहा."

काकांनी ती भाजी बोटानं हळूच ताटाच्या कडेला सारली.

"नाई खात," ते म्हणाले. "मी खाल्लं तं तुहं बयान खोटं पडंन."